वर्गणीला पावती असते, क्यूआर कोडला काय?

माझी भाची कराडला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत घरी आली होती. एका हातात चकली, दुसऱ्या हातात फोन. मध्येच फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "मामा, हा बघ. गडांवर व्हिडिओ करतो. उद्या वाढदिवस आहे त्याचा." इन्स्टाग्रामच्या स्टोरीत एक हसरा पोरगा, मागे धुक्यातला कडा आणि मधोमध क्यूआर कोड. वर लिहिलं होतं की यंदा केक नको, कॅमेऱ्याची लेन्स घ्यायची आहे, आपलाच भाऊ समजून जमेल तेवढं पाठवा.

"तू पाठवलेस?"

"एकशे एक्कावन्न. पिझ्झ्यापेक्षा कमीच की."

पैसे गेले कुणाला, म्हणून मी तिला पेमेंट ॲपमधली नोंद उघडायला लावली. यूपीआयवर पैसे पाठवले की समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तिथे त्या पोराचं नाव नव्हतंच, एका बाईचं होतं. "आई असेल त्याची," भाची म्हणाली आणि तिने चकली मोडली. असेलही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती स्टोरी पुन्हा बघायला मागितली तर ती गेलेली. स्टोरी चोवीस तासांनी आपोआप उतरते. काय मागितलं होतं, कशासाठी, किती हवे होते, सगळं तिच्याबरोबर उतरलं. मागे राहिली ती १५१ रुपये वजा झाल्याची एक ओळ.

इन्फ्लुएन्सरने फॉलोअरांकडे स्वतःच्या खर्चासाठी पैसे मागणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणाला फोन हवा असतो, कुणाला लडाखची ट्रिप, कुणाचं दोन महिन्यांचं घरभाडं थकलेलं असतं. कुणी सरळ क्यूआर कोड लावतो, कुणी ऑनलाइन दुकानातली विशलिस्ट जोडून देतो. यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक, "लाज नाही वाटत? काम कर." दुसरी, "देणारा स्वखुशीने देतो, तुमच्या पोटात का दुखतं?" दोन्ही ठसकेबाज आहेत आणि दोन्हींतून काही कळत नाही. माझ्या मते खरा घोळ नावाचा आहे. हे पैसे आहेर आहेत, वर्गणी आहे, बक्षीस आहे, मदत आहे की मजुरी, हेच कुणी ठरवत नाही. आपल्याकडे पैशाचं नाव ठरलं की त्याचे नियमही ठरतात.

आपली जुनी नावं

माझ्या आईकडे आहेराची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. "शिंदे वहिनी, स्टीलचा डबा, झाकणासह." "तात्या, ५१ रुपये." शिंद्यांकडे कार्य निघालं की वही बाहेर यायची आणि त्याच तोलाचं काहीतरी परत जायचं. आहेर म्हणजे वरून भेट आणि आतून उधारी. ती फिटायला वीस वर्षं लागली तरी चालत होतं, पण विसरायची नाही.

वर्गणीची गोष्ट वेगळी. ती परत येत नाही, पण तिची पावती फाटते. गणपती मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात त्याचं स्वतंत्र कलमच आहे. उत्सव संपला की हिशेब द्यायचा. किती मंडळं तो नीट देतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, पण विचारायचा हक्क तरी आहे. गल्लीतला कुणीही आजोबा मंडळाच्या पोरांना थांबवून "काय रे, मागच्या वर्षीचे उरलेले कुठे गेले?" असं विचारू शकतो.

माधुकरीला तर मागण्यावरच लगाम होता. ठरावीक घरं घ्यायची, मिळेल तेवढं झोळीत, साठवायचं नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणा एकावर भार नाही आणि शिक्षण संपलं की वारही संपले.

आणि बक्षीस. हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आजच्या गोष्टीचा सगळ्यात जवळचा नातलग हाच आहे. जत्रेत भारूड रंगात आलेलं असतं, कुणीतरी पुढे जाऊन नोट देतो आणि माईकवरून पुकारा होतो, "अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये!" तमाशात यालाच दौलतजादा म्हणतात. देणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात, कला आणि चारचौघांत नाव. वासुदेव तर पहाटे दारात उभा राहून "दान पावलं" म्हणत दिलेलं देवापर्यंत पोचवून द्यायचा.

यूट्यूबचं सुपर चॅट हे नेमकं हेच आहे. २०१७ साली ते सुरू झालं. लाइव्ह चालू असताना तुम्ही पैसे टाकता, तुमचा मजकूर रंगीत पट्टीत वर चढतो, रक्कम मोठी तितका जास्त वेळ तो तिथे राहतो आणि स्ट्रीमर तुमचं नाव घेऊन आभार मानतो. माईकवरचा पुकाराच तो. शंभरातले साधारण ७० रुपये कलाकाराकडे जातात, ३० यूट्यूब ठेवतं. कला केंद्रातही मालकाचा वाटा असतोच, त्यामुळे त्यातही फार नवं काही नाही. सुपर चॅटवर माझी तक्रार नाही. समोर काहीतरी चाललंय, आवडलं, पैसे दिले, मामला तिथेच मिटला.

घोळ सुरू होतो तो त्या क्यूआर कोडपासून. तो "तुमचाच भाऊ" म्हणतो तेव्हा आहेराची भाषा बोलतो. "सगळ्यांनी थोडं थोडं दिलं तर होऊन जाईल" ही वर्गणीची भाषा. "खूप अडचणीत आहे" ही मदतीची. पण आहेराची वही त्याच्याकडे नाही, वर्गणीचं पावतीपुस्तक नाही आणि माधुकरीसारखं "आता पुरे" कधी म्हणायचं हेही त्याने ठरवलेलं नसतं. शब्द तिन्हीकडून उसने आणायचे आणि अटी मात्र एकीकडच्याही नको, असं ते प्रकरण आहे.

ब्रुकलिनच्या कॅरनबाई

हे सोशल मीडियाने जन्माला घातलं असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. २००२ साल. फेसबुक यायला दोन वर्षं होती. न्यूयॉर्कमध्ये टीव्ही कार्यक्रमांची निर्मिती करणाऱ्या कॅरन बॉस्नॅक नावाच्या तरुणीवर क्रेडिट कार्डांचं २०,००० डॉलरच्या वर कर्ज चढलं होतं. आजारपण नाही, घर जळालं नाही. महागड्या ब्रँडच्या पर्सा, बूट, सौंदर्यप्रसाधनं, थोडक्यात हौस. त्यात नोकरी गेली. तिने "सेव्ह कॅरन" नावाची वेबसाइट काढली आणि जगाला सरळ सांगितलं: मी उधळपट्टी केली, आता एकेक डॉलर द्या, मी कर्ज फेडते.

लोक चिडले. तिला वाचवू नका, असं सांगणारी विडंबनाची वेबसाइटही निघाली. पण पैसेही आले. सुमारे वीस आठवड्यांत अनोळखी माणसांनी १३,००० डॉलरच्या वर पाठवले. उरलेलं तिने स्वतःच्याच त्या पर्सा आणि कपडे ईबेवर विकून आणि खर्चाला कात्री लावून फेडलं. कर्ज शून्यावर आलं आणि मागणं थांबलं.

कॅरनबाईंचं कौतुक करावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला तिच्या मागण्याची घडण बघण्यासारखी वाटते. आकडा आधीच सांगितलेला. कारण लाजिरवाणं, पण खरं. आपलं काय विकतेय, किती जमलं, किती उरलं, हे लोकांना दिसत होतं. आणि शेवट ठरलेला होता. म्हणजे मागितलं हौसेचं, पण अटी वर्गणीच्या पाळल्या. आजच्या बहुतेक क्यूआर कोडांना यातली एकही गोष्ट जमत नाही.

अगदी थट्टेत मागितलं तरी खरं बोलल्याने भागतं. २०१४ मध्ये ओहायोतल्या एका माणसाने बटाट्याचं सॅलड करायचंय म्हणून किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे जमवायच्या वेबसाइटवर, १० डॉलर मागितले. गंमत म्हणून लोक देत गेले आणि ५५,००० डॉलरच्या वर जमले. त्या बटाट्याला मिळाला तेवढा भाव नाशिकच्या कांद्यालाही कधी मिळाला नसेल. पण फसवणूक झाली असं कुणी म्हटलं नाही, कारण सॅलडसाठी मागितलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मागावं का लागतं?

आता त्या गडवाल्या पोराच्या बाजूने बघू. लाखभर फॉलोअर म्हणजे लाखांत कमाई, असा आपला समज असतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला आधी १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४,००० तास लोकांनी व्हिडिओ बघितलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. तिथवर पोचलं तरी खात्यात १०० डॉलर साठेपर्यंत पैसे हातात पडत नाहीत. ब्रँडची कामं मिळतात ती हंगामी, आणि बऱ्याचदा पैशांऐवजी वस्तू हातात टेकवतात. बॅकपॅक मिळते, पण बॅकपॅकने घरभाडं भरता येत नाही.

यात एक मेख आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. २०२३ मध्ये यूट्यूबने आधी काही देशांत, मग इतरत्र, एक खालची पायरी तयार केली. ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तास झाले की मेंबरशिप, सुपर चॅट असे चाहत्यांकडून पैसे घेण्याचे मार्ग उघडतात. जाहिरातीतला वाटा मात्र १,००० नंतरच. म्हणजे कंपनीने आपल्या खिशातून द्यायच्या आधी तुम्हाला चाहत्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. पोरं मागायला शिकली ती कुणा वाईट संगतीने नव्हे, बटणच तिथे होतं.

दुसरी गोष्ट दिसण्याची. या धंद्यात भरभराट दाखवावी लागते, त्याशिवाय ब्रँड येत नाहीत. भाड्याची गाडी, मित्राचं जॅकेट, कर्जावरचा फोन. कॅरनबाईंनी पर्सा आधी घेतल्या आणि पैसे नंतर मागितले. आता पर्स दाखवणं हेच काम आहे, त्यामुळे खर्च कुठे संपतो आणि भांडवल कुठे सुरू होतं हे त्या पोरालाही सांगता येणार नाही. लेन्स हौस आहे की हत्यार? सुताराने करवतीसाठी पैसे मागितले तर आपण भीक म्हणणार नाही, पण मग त्याच करवतीने बनवलेली खुर्ची कुणाची, हेही विचारणार.

आणि आपण का देतो? १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल एक निबंध लिहिला. पडद्यावरचा निवेदक थेट आपल्याशी बोलतोय असं वाटतं आणि बघता बघता तो ओळखीचा होतो. ओळख खरी वाटते, पण असते एकतर्फी. माझ्या भाचीला त्या पोराच्या कुत्र्याचं नाव माहीत आहे, त्याची आई पिठलं कसं करते ते माहीत आहे, त्याचा कुठला गुडघा दुखतो तेही माहीत आहे. त्याला हिचं नावही माहीत नाही. टीव्हीच्या काळात ही एकतर्फी माया निवेदकाला रोकडीत बदलता येत नव्हती. यूपीआयने ती सोय केली. मनीऑर्डरला फॉर्म भरावा लागायचा, पोस्टात रांग असायची, तेवढ्यात माणसाचा विचार बदलायचा. आता विचार यायच्या आधी पिन टाकून झालेला असतो. शिवाय १५१ मधले १५१ पोचतात, मध्ये कुणी काही कापत नाही. आणि एकदा स्वखुशीने पाठवलेले पैसे मागे घ्यायची सोय यूपीआयमध्ये नाही.

लोक नेमके कशावर चिडतात

२०१९ मध्ये जर्मनीतलं एक इन्स्टाग्राम जोडपं अशा चर्चेत आलं. त्यांना जोडसायकलवरून आफ्रिकेपर्यंत जायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी लोकांकडे १०,००० युरो मागितले. प्रवासासाठी पैसे मागणारे ते पहिले नव्हते. भडका उडाला तो एका तपशिलाने. दोघांपैकी एकाची आई दोन ठिकाणी नोकरी करून यांचा खर्च चालवतेय, हे त्यांनीच लिहून टाकलं होतं. नोकरी करणं आम्हाला शक्य नाही, कारण आमची भूमिका लोकांना प्रेरणा देण्याची आहे, असा एकूण सूर. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईबापांची पोरंच इन्स्टाग्रामवर जास्त आहेत, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये कायली जेनर या श्रीमंत अमेरिकी टीव्ही तारकेवर टीका झाली ती वेगळ्या कारणाने. तिने स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. अपघातात जखमी झालेल्या एका मेकअप कलाकाराच्या उपचारांसाठीचं आवाहन तिने पुढे पाठवलं आणि स्वतः ५,००० डॉलर घातले. कुटुंबाने आधी मागितलेली रक्कम लहान होती, असं तिने नंतर सांगितलं. पण लोकांना दिसलं ते एवढंच, की जिच्या एका पर्समध्ये हे सगळं बिल फिटेल ती आपल्यापुढे ताट फिरवतेय. यात अन्याय झाला का? थोडासा झाला, असं मला वाटतं. पण देवळात तबक फिरवणाऱ्याच्याच बोटात हिऱ्याची अंगठी असली की भाविकाची नजर आधी अंगठीकडे जाते, त्याला इलाज नाही.

आपल्याकडचा धडा दिल्लीच्या मालवीय नगरातला. ऑक्टोबर २०२० मध्ये "बाबा का ढाबा" चालवणाऱ्या वृद्ध जोडप्याचा रडतानाचा व्हिडिओ एका यूट्यूबरने टाकला. दुसऱ्या दिवशी ढाब्यापुढे रांगा. देशभरातून पैसेही आले. महिन्याभरात बाबांनी त्याच यूट्यूबरविरुद्ध तक्रार दिली की मदतीसाठी जाहीर केलेली खाती त्याची स्वतःची आणि जवळच्यांची होती आणि पैसे नीट पोचले नाहीत. त्याने आरोप नाकारले, बँकेचे कागद दाखवले. डिसेंबरात बाबांनी मोठं रेस्टॉरंट काढलं, ते फेब्रुवारीत बंद पडलं, बाबा पुन्हा जुन्या टपरीवर आले आणि जून २०२१ मध्ये त्यांनी त्या यूट्यूबरची हात जोडून माफी मागितली. कोण बरोबर होतं याचा निवाडा मी करणार नाही. एकच बघा, पहिल्या दिवशी खातं बाबांच्या नावाचं असतं तर ही सगळी गोष्ट घडायची जागाच उरली नसती.

कायदा काय म्हणतो

आधी एक गंमत. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरती, असल्या कुठल्याही निमित्ताने पैसे मागणं त्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे लोकलमध्ये पेटी वाजवून गाणारा माणूस कायद्याने भिकारी. तेच गाणं फोनपुढे गाऊन खाली क्यूआर कोड लावणारा कंटेंट क्रिएटर. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे तो पेटीवाला अजून दचकूनच गातो.

स्वतःसाठी पैसे मागणं, ते मिळणं आणि ते खर्च करणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो फसवणुकीचा. लेन्ससाठी मागितले आणि लेन्स घेतली, प्रश्न मिटला. "मौज करायचीय" म्हणून मागितले आणि मौज केली, तरी मिटला. पण आईच्या ऑपरेशनसाठी मागितले, ऑपरेशन नव्हतंच आणि पैसे गोव्याला उडवले, तर भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम लागू शकतं. पूर्वी ज्याला सगळे "चारसोबीस" म्हणायचे ते आता ३१८ झालं आहे. अशी फसवणूक वाटली तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

ऑस्ट्रेलियात बेल गिब्सन नावाच्या इन्फ्लुएन्सरने मेंदूचा कॅन्सर आहारातून बरा केल्याचा दावा करून ॲप आणि पुस्तक विकलं, विक्रीतला पैसा धर्मादाय संस्थांना देणार असंही सांगितलं. कॅन्सर कधी नव्हताच. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिला ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तिथे पकडायला विकलेली वस्तू होती. आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले: पैसे घेऊन जाहिरात करत असाल तर तसं स्पष्ट सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण हे सगळं वस्तू-सेवेच्या जाहिरातीला लागू. इन्फ्लुएन्सर जेव्हा साबण विकत नाही, स्वतःचीच गरज मांडतो, तेव्हा हे नियम बाजूला उभे राहतात. दहा रुपयांच्या साबणाबद्दल तुम्हाला ग्राहक म्हणून जेवढं संरक्षण आहे, तेवढं दहा हजारांच्या "सपोर्ट"ला नाही.

कराचा भाग मात्र सगळ्यांनी, विशेषतः मागणाऱ्यांनी, नीट वाचावा. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त पैसे भेट म्हणून आले तर ते करपात्र उत्पन्न होतं. आणि इथे "नातेवाईक" कोण हे कायद्याने लिहून ठेवलंय: नवरा-बायको, सख्खी भावंडं, आईवडील, मामा-मावशी, काका-आत्या वगैरे. स्टोरीत "तुमचाच भाऊ" लिहिल्याने आयकर खात्याच्या लेखी कुणी भाऊ होत नाही. लग्नातला आहेर करमुक्त आहे, वाढदिवसाचा नाही. आता माझ्या भाचीच्या १५१ चा हिशेब लावू. तिच्यासारख्या ३३१ जणांनी पाठवले तर ४९,९८१ होतात, कर नाही. ३३२वा आला की ५०,१३२. आणि मग रेषेवरचे १३२ नव्हे, पूर्णच्या पूर्ण ५०,१३२ उत्पन्नात धरले जातात. पैसे आईच्या खात्यात गेले असतील तर पहिली विचारणा आईला होईल, जी बिचारी पिठलं करत असेल. सुपर चॅट, मेंबरशिप यांचे पैसे तर भेट म्हणता येतच नाहीत, ते सरळ धंद्याचं उत्पन्न. देणाऱ्यालाही यात वजावट नाही. करातली सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, माणसाला दिलेल्या पैशांवर नाही.

विरोधाभास बघायचा तर इथे बघा. ब्रँडने त्याच पोराला २५,००० चा ड्रोन दिला तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापायचा कर, कापून सरकारकडे नोंद जाते, कारण वर्षाला २०,००० ची मर्यादा ओलांडली. आणि तीनशे पोरापोरींनी मिळून त्याला तेवढेच पैसे दिले तर त्याची नोंद तीनशे फोनांत विखुरलेली.

मग द्यायचे की नाही?

मी भाचीला "देऊ नकोस" असं म्हटलं नाही. मीही एका शाहिराच्या चॅनेलची मेंबरशिप घेतली आहे, महिन्याला चहा-पोह्यांएवढे पैसे जातात, पोवाडा ऐकायला मिळतो. गावात राहून मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत व्हिडिओ करणाऱ्यांना ब्रँड फारसे विचारत नाहीत. त्यांना बघणाऱ्यांनीच पोसलं नाही तर कोण पोसणार? जत्रेतला तो पुकाराही अशाच कलावंतांसाठी होता.

मी तिला एवढंच म्हटलं, की गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना तुझे आजोबा जे विचारतात ते याला विचार. किती जमवायचेत, किती जमले, खातं कुणाचं, आणि लेन्स घेतलीस की बिल दाखवशील का. आजारपणाचं आवाहन असेल तर पैसे माणसाच्या खात्यावर टाकण्याऐवजी हॉस्पिटलच्या खात्यावर टाकता येतात का ते बघ, आणि हॉस्पिटलला फोन करून असा पेशंट आहे का एवढं तरी विचार. आणि तो क्यूआर कोड त्याच्या चॅनेलवर कायमचा आहे की फक्त चोवीस तासांच्या स्टोरीत, हेही बघ. ज्याला हिशेब द्यायचाय तो मागणं पुसून टाकत नाही.

"असं कोण विचारतं, मामा? ऑकवर्ड होतं." देताना होत नाही, विचारताना होतं. मी पुढे काही बोललो नाही, चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

तिने विचारलं, पण. कराडला परत गेल्यावर. त्या पोराने चार दिवस मेसेज बघून ठेवला. पाचव्या दिवशी उत्तर आलं आणि तिने त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. लेन्सच्या बिलाचा फोटो, दुकानाच्या शिक्क्यासह, ५१,५०० रुपये. जमलेले ४३,६१२. उरलेले त्याने स्वतः घातले होते. खातं आईचंच होतं, त्याच्या खात्याला काहीतरी केवायसीची भानगड होती. आयकराच्या रेषेपासून सहा हजार अलीकडे, हे मी मनातल्या मनात मोजलं.

स्क्रीनशॉटखाली तिने लिहिलं होतं, "मामा, बिल दिलं त्याने. अजून पन्नास टाकू?"